बेचाळीस पायऱ्या, एक खेप

२ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी गोदामातून फोन. मुकादम अठ्ठावीस तारखेला रिटायर होतोय. निरोपसमारंभात हमाल मंडळींना गाणी म्हणायची आहेत, तेव्हा साहेब, तुमचा कराओके सेट घेऊन याल का, असं क्लार्कने विचारलं. येईन म्हणालो. लगेच म्हणालो. नंतर वाटलं, थोडे आढेवेढे घ्यायला हवे होते.

कार्यक्रम दुसऱ्या मजल्यावर, कँटीनच्या हॉलमध्ये. बेचाळीस पायऱ्या. मालाची लिफ्ट आहे, पण मी माल नाही. क्लार्क म्हणाला, खाली पोचलात की चार माणसं पाठवतो. मी म्हणालो, एकही पाठवायचा नाही.

कारण लिहून ठेवतो. त्या गोदामात मी एकतीस वर्षं सुपरवायझर होतो. वजन कसं उचलावं याचा बोर्ड अजून तिथल्या भिंतीवर आहे, माझ्या अक्षरात. दोन वर्षांपूर्वी माझ्या निरोपसमारंभात हाच मुकादम भाषणात म्हणाला, साहेब एकतीस वर्षं होते, पण त्यांनी एक खोकं उचललेलं आम्ही कधी पाहिलं नाही. सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही.

तर ठरलं. अठ्ठावीसला अख्खा सेट मी एकटा वर नेणार. सगळ्यांदेखत. एकाच खेपेत.

४ फेब्रुवारी, बुधवार
बाथरूममधल्या काट्यावर एकेक वस्तू तोलली. स्पीकर, मिक्सर, स्क्रीन, दोन स्टँड, माइकचा डबा, वायरींची पिशवी, एक्स्टेन्शन बोर्ड, लॅपटॉप. नऊ नग, त्रेचाळीस किलो. त्यात स्पीकर एकटाच बावीस.

बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, दोन खेपा करा. मी म्हणालो, दोन खेपा म्हणजे हार मानणं. ती म्हणाली, दोन खेपा म्हणजे खाली येऊन परत वर जाणं. हिला तत्त्वाचं काही बोलायला गेलं की ही असा हिशेबीपणा करते.

५ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ७
सराव सुरू. स्पीकर बेडरूममधून हॉलमध्ये. पाठ सरळ, गुडघे वाकलेले. अगदी बोर्डावरच्यासारखं.

सकाळी ७.२०
गुडघे वाकले ते उत्तम वाकले. परत सरळ व्हायला वेळ लागला. तेवढा वेळ मी त्याच अवस्थेत थांबलो, मुद्दाम, स्नायूंना सवय व्हावी म्हणून. बायकोने विचारलं, टेबलाखाली काय शोधताय? रिमोट, म्हणालो. रिमोट तिच्या हातात होता. तिने तो माझ्यापुढे जमिनीवर ठेवला आणि गेली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
कमरेत किंचित उसण. स्पीकरचा संबंध नाही. उशी उंच आहे.

७ फेब्रुवारी
उशी काढली. उसण आहेच. म्हणजे गादी.

८ फेब्रुवारी, रविवार
लेक आणि जावई आले. जावयाने एक ट्रॉली आणली. म्हणे पायऱ्या चढते. प्रत्येक बाजूला तीन-तीन चाकं. सेट बांधा आणि ओढत न्या, बाबा, म्हणाला. स्वभावाने गरीब आहे, वाईट हेतू नव्हता, म्हणून मी फार बोललो नाही. एवढंच म्हणालो, की ज्या हमालांसमोर आयुष्य काढलं त्यांच्यासमोर भाजी आणायला निघाल्यासारखा जाऊ का? लेक म्हणाली, पण बाबा, हमालसुद्धा ट्रॉली वापरतात.

मुलीला जास्त शिकवलं.

ट्रॉली बाल्कनीत ठेवली. तिच्यावर तुळतुळीत पानांची एक मोठी कुंडी शोभून दिसते.

११ फेब्रुवारी, बुधवार
हिने अपॉइंटमेंट घेतलीच होती, तेव्हा वाया नको म्हणून फिजिओथेरपिस्टकडे जाऊन आलो. पोरगेलीशी मुलगी. विचारलं, वजनाचं काही काम करता का? मी म्हणालो, संगीताचं करतो. खोटं बोललो नाही. तिने मान हलवली आणि लिहिलं, बसून काम. मी कशाला दुरुस्त करू?

व्यायाम दिलाय. गुडघे आणि तळवे टेकून ओणवं व्हायचं, पाठ वर, पाठ खाली. आणि सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही.

आधी वाईट वाटलं. मग रिक्षात डोकं चाललं. त्रेचाळीस किलो भागिले नऊ नग. सरासरी चार किलो आठशेच्याही आत येते. म्हणजे मी डॉक्टरी सल्ल्याबाहेर एक ग्रॅमही जात नाही. बायकोला समजावून सांगितलं. ती रिक्षावाल्याशी बोलायला लागली.

१४ फेब्रुवारी, शनिवार
पट्टा तयार. जुन्या सुटकेसींचे पट्टे जोडून स्वतः शिवला. स्पीकर पाठीवर, स्टँड दोन्ही खांद्यांना, मिक्सर पोटावर, माइकचा डबा गळ्यात, स्क्रीन काखेत. बाकीचं हातात. वजन चहूबाजूंनी सारखं वाटलं जातं. आरशात पाहिलं. रुबाबदार दिसत होतो. बायको मात्र ओठ दाबून मोबाइल शोधत होती. फोटो काढू दिला नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
गाण्याचा सराव, पट्टा बांधूनच. वर जाताक्षणी, सेट मांडून लगेच म्हणायचं ठरलंय, म्हणजे दम लागलेला नाही हेही दिसेल. अडचण एकच. पट्ट्याने पोट आवळतं आणि वरचा सूर येत नाही. पट्टा सैल करावा की सूर खाली घ्यावा? मशीनवर बटण आहे. दोन पट्ट्या खाली आणला. आवाजाला भारदस्तपणा आला.

उसण आता कमरेतून डाव्या पायात गेलीय. म्हणजे कमरेतून चाललीय. सुधारणा.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
रंगीत तालीम. पूर्ण त्रेचाळीस किलो, आमच्याच इमारतीचा जिना, खालून वर. नऊ पायऱ्या खणखणीत चढलो. दहावीवर थांबलो. थकून नव्हे, विचार करायला. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या. म्हणाल्या, काय, घर सोडताय की काय? सविस्तर उत्तर द्यायला श्वास शिल्लक नव्हता. हो म्हणालो.

संध्याकाळी ६
तिघांनी बायकोला विचारलं, कुठे घेतलंत नवीन घर?

२१ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी एजंट आला. सोबत एक जोडपं. घर बघायचंय म्हणाले. मी गादीवर आडवा, उठता येईना. त्यांनी बेडरूमही बघून घेतली. नवऱ्याने मला वळसा घालून खिडकी उघडून पाहिली. म्हणाला, हवा छान येते. त्यांनी जाताना रंगाची चौकशी केली.

ही बोलत नाहीये.

२२ फेब्रुवारी, रविवार
बोलली. रडत बोलली, ते मला अनपेक्षित होतं. म्हणाली, कुणाला दाखवायचंय तुम्हाला? त्या माणसाने गंमत केली आणि तुम्ही दोन वर्षं ती उशाशी घेऊन झोपताय. पाठ मोडली तर तुम्हाला उठवणार, न्हाऊ घालणार कोण, तो मुकादम?

मी म्हणालो, चहा टाकतेस का. ते म्हणायला नको होतं.

पण शब्द दिलाय. फोनवर दिलाय. माणसं पाठवू नका म्हणून सांगितलंय. आता मागे फिरणं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार
पूर्ण विश्रांती. गरम पाण्याची पिशवी. हालचाल नाही केली तर काहीच दुखत नाही, म्हणजे मुळात प्रकृती ठणठणीत आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
उद्याचं वेळापत्रक.
४.०० टॅक्सी. ४.३५ गोदाम. ४.४० पट्टा बांधणे. ४.४५ चढाई. प्रत्येक वळणावर पाच सेकंद, चेहरा हसरा. ४.४९ हॉल. ४.५० टाळ्या. ४.५५ गाणं.

ही म्हणाली, मी येतेय. मी म्हणालो, गरज नाही. ती म्हणाली, विचारत नाहीये.

२८ फेब्रुवारी, शनिवार. रात्री ९
पेन्सिलीने लिहितोय. उताणं पडून पेन चालत नाही, शाई मागे जाते. अक्षर वाईट आहे, मजकूर खरा आहे.

चढलो. हे आधी लिहून टाकतो. बेचाळीसच्या बेचाळीस, एका खेपेत, कुणाचं बोट लागू न देता. वर जिन्याच्या तोंडाशी सगळे हमाल उभे होते. चेहरा हसरा ठेवायचं तिसऱ्या पायरीवरच राहून गेलं, पण चढलो.

हॉलच्या दारात पोचलो तेव्हा मी काटकोनात होतो. म्हटलं, सामान उतरलं की होईन सरळ. पोरांनी आधी स्क्रीन काढली, मग माइकचा डबा, मिक्सर, स्टँड, शेवटी स्पीकर. एकेक नग निघत गेला आणि मी होतो तसाच. पाठीवर काहीच उरलं नाही तरी मी स्पीकर असल्यासारखाच वाकून उभा. कुणीतरी विचारलं, साहेब, अजून काही आहे का आत?

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

गाणं म्हटलं. का नाही म्हणायचं? टेबलाला धरून, जमिनीकडे बघत म्हटलं. शब्द स्क्रीनवर होते आणि स्क्रीन वर होती, म्हणून दुसरं कडवं दोनदा झालं. माइक खाली माझ्या तोंडापर्यंत कोण आणणार? ज्याचा समारंभ होता तोच खुर्चीवरून उठला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि गाणं संपेपर्यंत माइक धरून राहिला. त्याच्या खांद्यावर पांघरलेली शाल खाली घसरत होती. टाळ्या भरपूर पडल्या. गाण्यासाठीच होत्या.

बसता येईना, झोपता येईना. बायकोने टॅक्सी बोलावली. चौघंजण खुर्ची घेऊन आले, साहेबांना खुर्चीतून उतरवू म्हणाले. मुकादमाने त्यांना बाजूला केलं. म्हणाला, मी सोमवारपासून कामावर नाही, आज आहे. मी म्हणालो, अरे, तू साठीचा, मी तुला उचलू देणार नाही. तो म्हणाला, तुम्ही काही करू नका.

पाठमोरा खाली बसला, मला अंगावर घेतलं आणि उठला. नुसता उठला. ना कण्हणं, ना हुंकार. एकतीस वर्षं मी या माणसाला उचलताना बघत होतो आणि मी काहीच बघितलं नव्हतं, हे मला त्याच्या पाठीवर कळलं.

खाली टॅक्सीत मला मागच्या सीटवर कुशीवर निजवलं. ही पुढे बसत होती. मी त्याचा हात धरला आणि सांगून टाकलं, की तुझ्या त्या भाषणातल्या वाक्यासाठी मी हे सगळं केलं. कुठलं वाक्य, म्हणाला. मी सांगितलं. तो आठवून आठवून दमला. म्हणाला, असं बोललो मी? मनावर घेऊ नका, साहेब, त्या दिवशी चार शब्द बोल म्हणून माझ्या हातात माइक दिला, मी घाबरलो होतो.

मग का कोण जाणे, विचारलं, इतक्या वर्षांत सगळ्यात जड काय लागलं?

त्याने खरंच विचार केला. म्हणाला, जड असं काही नाही. अंगवळणी पडतं. फक्त पाठीवर पोतं असताना बाजूने कुणी जपून, जपून म्हणत राहिलं ना, की तेवढं जड व्हायचं. पायरीकडे लक्ष द्यावं की त्याच्याकडे, कळायचं नाही.

हसत म्हणाला. कुणाचं नाव घेतलं नाही. मग टॅक्सीचं दार हळूच लावलं आणि वर गेला, त्याची गाणी राहिली होती.

मला वाईट वाटलं. लिहिणार नव्हतो, पण वाटलं. तो मला म्हणत होता. त्या जिन्यावर रजिस्टर घेऊन उभा असायचो तो मीच.

१ मार्च, रविवार. सकाळी ८
पाठ ठीक. श्वास घेतला नाही तर अगदी ठीक.

सेट मुकादमानेच काल उशिरा टेंपोतून पाठवून दिला, असं ही म्हणाली. दोन हमालांनी दोन खेपांत वर आणला. मी झोपलो होतो म्हणून, नाहीतर बोललो असतो.

मी हिला सांगितलं, की काल एक गोष्ट शिकलो, यापुढे कुणी काम करत असताना त्याला जपून म्हणणार नाही. ही चहा ढवळायची थांबली. म्हणाली, काल उतरताना त्याच्या पाठीवरून तुम्ही सात वेळा म्हणालात, मी मागून मोजत होते.

सात शक्यच नाही. मला दोनदा आठवतं. आणि शेवटच्या वळणावर तर म्हणायलाच हवं होतं, तो फार घाई करत होता.