पंचाआधी बाहेर गेलेले चौघे

सर, आज पुन्हा तुमच्यावर वैतागलोय. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी माझ्या कामातली तुमची लुडबुड काही थांबत नाही. मी आता एका व्यावसायिक कबड्डी संघासाठी नवे खेळाडू हेरतो. तुमच्या वेळी असलं काही नव्हतं. दरवर्षी सगळे संघ एका हॉलमध्ये बसतात आणि पाळीपाळीनं एकेक नवं नाव उचलतात. चार वर्षांपूर्वी आमच्या वाट्याला चार पाळ्या आल्या, चारही नावं मी सुचवली, आणि यंदा आम्ही विजेते झालो ते त्याच चौघांच्या जिवावर. तेव्हापासून भेटेल तो विचारतो, एकाच वर्षी चार हिरे कसे सापडले. काय सांगू?

निवड चाचणीत पोरांची धाव, उडी, वजन सगळं कॉम्प्युटरवर चढत होतं, आणि मी कोपऱ्यात बसून भलतंच बघत होतो. बचाव करताना समोरच्याचा निसटता स्पर्श झाला, पंचाला तो दिसला नाही, तरी आपणहून हात वर करून कोण बाहेर जातंय? एवढ्या पोरांत चौघं निघाली. त्यातला एक बेल्ह्याचा, बाजाराच्या दिवशी गुरांचा टेम्पो चालवणारा, उडीत शेवटून तिसरा. मॅनेजरनं विचारलं, "ह्याच्यात काय पाहिलंत?" प्रामाणिकपणा म्हणालो असतो तर मला त्याच टेम्पोत घालून गावी, ओतूरला धाडलं असतं. मी म्हणालो, "फुटवर्क." चारही वेळा फुटवर्कच म्हणालो.

यंदाच्या उपांत्य सामन्यात शेवटचं मिनिट आहे, आम्ही दोन गुणांनी पुढे, आणि हा बेल्हेकर हात वर करून चालायला लागतो. पंच बघतच राहिले. समोरच्या संघानंसुद्धा काही मागितलं नव्हतं. मॅनेजर माझ्याकडे वळून ओरडले, "हेच का तुमचं फुटवर्क?" एका गुणानं वाचलो. नंतर मी त्याला झापलं, तर म्हणतो, "लागलं व्हतं ना भाऊ, मंग?" अगदी तुमचाच सूर. तुम्ही त्याला कधी बघितलंही नव्हतं.

ओतूरच्या शाळेच्या मैदानावर तुम्ही आम्हाला हातात हात धरून साखळी करायला लावायचात. "जो सोताहून बाहेर जातो ना, त्याचाच हात बाकीचे घट्ट धरत्यात," असं म्हणायचात. मला तेव्हा ते शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखं वाटायचं. तालुक्याच्या संघाची तुम्ही केलेली यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं. शाळेत सगळ्यात चांगली पकड माझी, शेवटच्या सामन्यातली जिंकून देणारी पकडही माझीच, आणि माझंच नाव नाही. मी आठ दिवस तुमच्याशी बोललो नाही. ईदला मात्र जुन्नरला तुमच्या घरी आलो, रुसून का होईना, कारण चाचींचा शिरखुर्मा सोडवेना. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलोय, हातात वाटी आहे, आणि तुम्ही हळूच विचारताय, "त्या पकडीच्या आदी भायेरच्या रेघेला टाच लागली व्हती का रं तुझी?"

"न्हाई सर."

"बरं."

चाची म्हणाल्या, "आदी खाऊ तर द्या त्याला." तुम्ही उठून आत गेलात आणि तुमची पितळी शिट्टी आणून माझ्या हातात ठेवलीत. "लहान पोरांच्या सामन्याला पंच हो. नुसतं बघायला शिक जरा." मला ती शिक्षा वाटली. अजूनही अधूनमधून वाटते. रागावला असतात, दोन ठेवून दिल्या असत्या, तर मी तिथंच बोलून टाकलं असतं. पण तुमचं ते "बरं", त्याच्यापुढे माणसाला काही करताच येत नाही.

काल टीव्हीवाले आले होते. त्या चौघांच्या निवडीवर त्यांना एक कार्यक्रम करायचाय. बेल्हेकर माझ्या शेजारीच बसला होता. त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं, "ही नजर तुम्हाला कोणी दिली?" मी हसलो आणि म्हणालो, "अनुभव. आणि थोडी उपजत." तुमची शिट्टी तेव्हा माझ्या खिशात होती. बाहेर आल्यावर बेल्हेकर म्हणाला, "लई भारी बोललात राव." त्याच्याकडे मला बघवेना. तुमचं नाव घ्यायचं राहून गेलं, असं मी कालपासून स्वतःला समजावतोय. ते राहून गेलं नव्हतं, मी घेतलं नाही. इतक्या वर्षांनी जरा कुठं माझं कौतुक होत होतं, त्यात वाटेकरी नको होता.

बाई म्हणाल्यात, काही बदलायचं असेल तर आज संध्याकाळपर्यंत फोन करा. आता साडेचार झालेत. फोन करायचा सोडून मी हे लिहीत बसलोय, आणि हे टाकायला तर पत्ताही नाही. जुन्नरच्या घरात आता दुसरीच माणसं राहतात.

टाच लागली होती, सर.