मंजुळाबाईंचा गुप्त नियम

४ जुलै. आषाढ शुद्ध नवमी.

विघ्नहर्त्या गजाननास, वाग्देवता शारदेस आणि परवा शेषशय्येवर निजावयास जाणाऱ्या श्रीहरीस साष्टांग नमन. (साष्टांग मनाने. कंबर धरली आहे.) त्यांच्या कृपेने ही रोजनिशी आरंभितो. विषय : यंदाच्या चातुर्मासासाठी माझे व माझ्या कुटुंबाचे संकल्प. ही वही कोणी वाचावी म्हणून लिहीत नाही. तरीही अक्षर सुवाच्य ठेवीत आहे.

आज कांदेनवमी. कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ, लसणाची चटणी. चार महिने ज्याचा त्याग करावयाचा त्याचा निरोप नीट घ्यावा. निरोप रात्रीपर्यंत चालला.

६ जुलै. एकादशी. सकाळी.

पाणी सोडून संकल्प उच्चारले. कांदा, लसूण, वांगे वर्ज्य. भूमिशयन. आपले ताट व आपले धोतर आपणच धुणे. क्रोधत्याग. आणि सर्वांत मोठा : घरात एकोपा. तो मी स्वतः जातीने राखीन.

गतवर्षी भूमिशयनाचा नियम सौ. मंजुळाबाईंच्या हट्टापायी सोडावा लागला. 'या वयमा खाले निजशात आनि उठाडाले चार मानसं लागतीन,' असे त्या म्हणाल्या. ताटाच्या नियमासही त्या आडव्या आल्या. पत्नीचे मन मोडणे हा अधर्म, म्हणून मी नियम मोडला. यंदा मात्र कोणाचे ऐकणार नाही.

दुपारी.

चि. भूपेंद्रने विषय काढलाच. सूनबाई दिपमाला हिला धुळ्याच्या एका शाळेत शिक्षिकेची जागा मिळत आहे. दिवाळीनंतर रुजू व्हायचे. भूपेंद्र औषध कंपनीत. जळगाव आणि धुळे, दोन्ही त्याच्याच एरियात. म्हणजे ही दोघे आणि नात हेमांगी, तिघेही जळगाव सोडून धुळ्यास! एकोप्याच्या संकल्पास अद्याप एक प्रहरही झाला नव्हता.

मी शांतपणे सांगितले की देव निजलेले असताना कुटुंबाने नवा निर्णय करू नये. शास्त्र आहे. (कोणते, ते संध्याकाळी शोधणे.) दिपमालाने सासूकडे पाहिले. मी कंबर कसली. आता मंजुळाबाई तुटून पडणार. त्या म्हणाल्या, 'हं.' बस्स. देव निजले, विषयही निजला.

सायंकाळी.

प्रत्येकाने एक आवडती गोष्ट सोडावी, असा आदेश दिला. नियमही समजावला : चातुर्मास संपला की सोडलेली वस्तू आधी दुसऱ्यास दान करावी, मगच आपण सेवन करावी. भूपेंद्रने वेफर्स सोडले. हेमांगीने गणित सोडले. ते नामंजूर केले. दिपमाला म्हणाली, 'मी काय सोडू नाना? जे धरायचं होतं ते तुम्ही धरूच दिलं नाही.' मुलीची विनोदबुद्धी चांगली आहे.

मंजुळाबाईंनी सकाळीच तुळशीपाशी जाऊन काहीतरी पुटपुटले होते. काय सोडले विचारता, 'सांगाव नही. सांगं ते फळत नही.' गुप्त नियम! पतीच्या दीर्घायुष्यार्थ असावा. तूप सोडले असेल. डोळे पाणावले.

७ जुलै. सकाळी.

काल निजण्याच्या वेळी 'मी जमिनीवर निजतो' असे तीनदा मोठ्याने म्हणालो. मंजुळाबाईंनी निमूटपणे सतरंजी आणून अंथरली. उशीही दिली नाही. म्हणे भूमिशयनाला उशी नसते. बरोबर आहे. हे त्यांना मीच सांगितले होते.

आज उठता आले नाही. शेजारचे तोतारामभाऊ आले, काखेत हात घालून उभे केले. 'नाना, देव निजना, तुम्ही कशाले त्यानासंगे निजनात?' म्हणाले. अडाणी माणूस, परंतु हात बळकट.

७ जुलै. रात्रौ.

चिंतनाअंती लक्षात आले : पलंग लाकडाचा, लाकूड वृक्षाचे, वृक्ष भूमीचा. पलंग ही उंचावलेली भूमीच होय. नियम अबाधित.

१२ जुलै.

ताट घासले. मंजुळाबाईंनी अडवले नाही. उलट राखेचा डबा पुढे सरकवला. धोतरही धुतले. हेमांगीच्या लाल फ्रॉकसह भिजवले होते. धोतराचा रंग आता भगव्याच्या जवळ गेला आहे. ईश्वरी संकेत मानतो.

१५ जुलै.

आपले ताट आपण घासल्याने 'मी घासतो' असा कर्तृत्वाचा अहंकार वाढतो, हे आज उमगले. अहंकार टाकला. ताट तिथेच ठेवून उठलो. कोणी काही बोलले नाही. एकोपा वाढत आहे.

भूपेंद्रवर मोबाईलवरून ओरडलो, तो क्रोध नव्हे, तळमळ.

३ ऑगस्ट. कानबाई.

भाऊबंद सगळे आमच्या घरी. कुळदेवी कानबाई बसली, तिच्या प्रसादाचे रोट झाले. दरवर्षी मी कुळाचारावर दोन शब्द बोलू लागलो की मंजुळाबाई मागून सदरा ओढतात, म्हणून मला आजवर विषय पुरा करता आला नव्हता. यंदा सदरा कोणी ओढला नाही. मी सृष्टीच्या उत्पत्तीपासून प्रारंभ केला.

रोट थंड झाले. बायका माजघरात गेल्या. पोरे अंगणात गेली. शेवटी तोतारामभाऊ उरले. म्हणाले, 'नाना, देवी विसर्जनले निंघनी, तुम्ही अजून स्थापनामाच शेतस.' लोक हसले. आनंदाने हसले असावेत.

मंजुळाबाईंकडे पाहिले. त्या शांत. मुखावर एक तेज. तुपाचा त्याग अंगी लागला आहे.

९ ऑगस्ट.

हल्ली जेवण जरा अळणी लागते. दिपमालास विचारले. मीठ नेहमीएवढेच आहे म्हणते.

१८ ऑगस्ट.

धुळ्याचा विषय निजल्या निजल्या कूस बदलतो आहे. भूपेंद्रने सहज विचारले, 'नाना, धुळ्याला देवपूरकडचं पाणी कसं असतं?' मी पाण्याच्या गुणधर्मांवर सविस्तर सांगितले. त्याने काहीतरी टिपून घेतले. जिज्ञासू मुलगा.

तरीही मूळ छेदलेले बरे. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मीच फोन करून 'आमच्या सूनबाईंना नोकरीत स्वारस्य नाही' असे कळवावे म्हणतो. जेवताना बोलून दाखवले. गतवर्षी असे बोललो असतो तर मंजुळाबाईंनी फोन पिठाच्या डब्यात लपवला असता. आज म्हणाल्या, 'हं.' दिपमालाचा घास हातातच राहिला. तिनेही सासूकडे पाहिले. पुन्हा 'हं.'

१९ ऑगस्ट.

फोन केला. मुख्याध्यापक माझेच विद्यार्थी निघाले! नाव सांगताच पलीकडून 'सर! तुम्ही?' असा गहिवर. माझ्या शिकवण्याची, माझ्या पाठांतराची, माझ्या छडीचीसुद्धा आठवण काढली. 'सर, दिपमालाताई तुमच्या सूनबाई? मग मुलाखतीत काय पाहायचं उरलं? तुमच्या घरात इतकी वर्षं राहणं हीच पदवी.' अशा वेळी नकार कसा द्यावा? मी म्हणालो की तिचे उच्चार मीच शुद्ध करून घेतले आहेत. म्हणालो की ती वक्तशीर आहे, सोशिक आहे, तुमच्या शाळेचे भाग्य उजळेल. ते म्हणाले, 'मग फायनल समजतो सर.' मी म्हणालो, 'तथास्तु.'

नकार उद्या कळवू.

२० ऑगस्ट.

उद्या.

१४ सप्टेंबर. पितृपक्ष.

पितरांच्या दिवसांत नकारात्मक फोन करू नये.

२ ऑक्टोबर. दसरा.

घरात खोकी आली आहेत. दिवाळीची साफसफाई इतक्या लवकर! दिपमाला उत्साही आहे. मी हेमांगीची पुस्तकेही खोक्यात नीट लावून दिली. सोने वाटायला आलेल्या भाऊबंदांना सांगितले की आमच्या घरी तीन महिन्यांत एकही वाद नाही. तोतारामभाऊ म्हणाले, 'हाईच ते घाबराजोगं शे, नाना.' मत्सर.

११ ऑक्टोबर.

यावलच्या रस्त्याला तोतारामभाऊंच्या मेहुण्यांचा मळा. भरिताचे आमंत्रण. हंगामाची पहिली हिरवी वांगी, कापसाच्या काड्यांवर भाजलेली, वर शेंगदाणे, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या.

मी नुसता बसावयास गेलो होतो. परंतु विचार करता, अग्नी हा पावक. भाजल्यावर वांग्याचे वांगेपण जळून जाते. उरते ते केवळ भरीत. आणि भरिताचा निषेध मी संकल्पात उच्चारला नव्हता. कांद्याची पातही जळाली होतीच, थोडी.

घरी आलो. सदऱ्यावर डाग. मंजुळाबाईंनी डाग पाहिला, मला पाहिले. मी उत्तर तयार ठेवले होते, अग्नीपासून सुरू होणारे. त्या आत निघून गेल्या. उत्तर वाया गेले. जेवण अजून अळणीच.

२२ ऑक्टोबर. पाडवा.

हेमांगीचा नवा गणवेश पाहिला. निळा. तिच्या शाळेचा तपकिरी. विचारले. 'दिवाळीचा ड्रेस आहे आजोबा,' म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून पळाली. मुलांच्या फॅशन आपल्याला कळत नाहीत.

मंजुळाबाईंनी ओवाळले. मी म्हणालो की आपला गुप्त नियम मला ठाऊक आहे. असा त्याग करणारी स्त्री विरळा. त्या म्हणाल्या, 'व्हयं का?' आणि हसल्या. फार दिवसांनी हसल्या.

२ नोव्हेंबर. तुळशीचे लग्न. दुपारी.

देव जागे झाले. आज उद्यापन. माझ्या संकल्पांचा आढावा : भूमिशयन, तात्त्विकदृष्ट्या पूर्ण. ताट, अहंकारत्यागपूर्वक पूर्ण. वांगे, अग्निशुद्धीने पूर्ण. क्रोध, तळमळीत रूपांतरित. एकोपा, निर्विवाद. संध्याकाळी सर्वांसमोर जाहीर करावे.

२ नोव्हेंबर. सायंकाळनंतर.

घडले ते क्रमाने आणि सुवाच्य लिहितो.

लग्न लागले. ऊस, चिंचा, बोरे, सगळे यथासांग. भूपेंद्रने आधी तोतारामभाऊंच्या नातवंडांना वेफर्स वाटले, मग आपण खाल्ले. मी वांग्यांची टोपली देवळात पाठवली. मग मंजुळाबाई उठल्या. हातात खण-नारळ. दिपमालाला पाटावर बसवले, ओटी भरली आणि भाऊबंदांसमक्ष, खणखणीत आवाजात :

'मी चार महिना यासले उलट बोलनं सोडेल व्हतं. सोडेल वस्तू पहिले दान कराव, असं यासनंच सांगेल शे. ते हाई उलट बोलनं मी मन्ही सूनले दान दिधं.'

मी म्हणालो, म्हणजे तूप? तोतारामभाऊ खांबाला धरून खाली बसले.

दिपमालाने सासूच्या पाया पडून दान स्वीकारले. मग माझ्याही पाया पडली. आणि पायाशी बसूनच म्हणाली, 'नाना, सहा तारखेला शाळा. परवा टेम्पो. देवपूरला घर घेतलंय, पाणी चांगलं आहे, तुम्हीच सांगितलंत. खोकी तुम्हीच भरून दिलीत.'

मी म्हणालो की माझी संमती नाही.

'हेडसर म्हणाले, तुमच्या तथास्तुवर नोकरी दिली. आता नाही गेले तर तुमचा शब्द खोटा पडतो. मी तुमचा शब्द मोडू का नाना?'

मी शास्त्राचा विचार करू लागलो. तेवढ्यात मंजुळाबाई म्हणाल्या, 'दान व्हयनं. आते मी सेवन करस.' आणि हतनूर धरणाचे दरवाजे उघडावेत तसे झाले. सतरंजी, सदरा, सृष्टीची उत्पत्ती, भगवे धोतर, वांग्याचा डाग. आरतीत थांबल्या, प्रसादानंतर पुन्हा सुरू.

शेवटी विचारले, तुम्ही चार महिने मला अडवले का नाही? त्या हळू म्हणाल्या, 'चाळीस वरीस अडावं. तुमले वाटे तुमना नेम मन्हामुळे मोडस. म्हनलं, एकदाव मोकळं सोडी देखू.'

दिवाबत्ती झाली. जेवणात मीठ बरोबर होते.

४ नोव्हेंबर.

टेम्पो गेला. हेमांगीला शाळेतून आल्यावर पाहायला कोणीतरी हवे, म्हणून मंजुळाबाईही त्यांच्याबरोबर. निघताना दिपमाला दाराशी थांबली. 'नाना, तुम्हीपण चला. पोथी आणा, पण नियम आणू नका.' मी म्हणालो की घराला कुलूप लावणे कुळाचारात बसत नाही. तिने आग्रह केला नाही. दुसऱ्यांदा विचारण्याची पद्धत अलीकडच्या पिढीत राहिलेली नाही.

५ नोव्हेंबर.

एकांतसाधनेची सुवर्णसंधी.

९ नोव्हेंबर.

सकाळी मोठ्याने म्हणालो, 'आज निर्जळी उपवास करतो.' दरवेळी यावर 'गोळ्या कशासंगे लेशात?' असा प्रश्न येतो आणि मी चहा घेतो. आज घर गप्प. उपवास घडला. आयुष्यात प्रथमच पुरा घडला. पुण्यापेक्षा चक्कर अधिक आली.

१२ नोव्हेंबर.

तोतारामभाऊंना मुद्दाम चुकीची तिथी सांगितली. म्हटले, निदान ते तरी खोडून काढतील. म्हणाले, 'नाना, तुम्ही म्हनतस ते बठ्ठं खरं शे.' हा माणूसही बिघडला.

२६ नोव्हेंबर. चंपाषष्ठी. मुक्काम धुळे.

तात्पुरताच आलो आहे. पिशवीत पोथी आणि दोन धोतरे. त्यातले एक भगवे. कुलूप लावताना कुळाचार आठवला नाही.

दारात पाऊल टाकताच मंजुळाबाई : 'इतलं थंडीमा टोपीशिवाय निंघनात? मफलर कोठे शे? आनि हाई धोतर बसमा घालीसन उनात?' मी कोपऱ्यात बसून सगळे ऐकले. मध्ये बोललो नाही, संपू नये म्हणून.

खंडोबाला भरिताचा नैवेद्य झाला. भरीत, भाकरी, कांद्याची पात. जेवण उत्तम. मी वांग्याविषयी दोन शब्द बोलणार तोच मागून सदरा ओढला गेला. थांबलो.

मग दिपमाला म्हणाली, 'नाना, ताट.' मी म्हणालो की कर्तृत्वाचा अहंकार... ती म्हणाली, 'तो मी बाहेर धरून ठेवते. तुम्ही घासून या.'

ताट घासले. स्वच्छ निघाले. नियम म्हणून नव्हे. सूनबाईंनी सांगितले म्हणून.

ही वही कोणी वाचावी म्हणून लिहिलेली नाही, तरी जो कोणी वाचीत असेल त्यास माझा आशीर्वाद : तुमचे देव वेळेवर निजोत आणि वेळेवर जागे होवोत. तुमच्या पानात मीठ बरोबर असो. आणि तुमच्या घरी, तुमच्या तोंडावर उलट बोलणारे एक तरी माणूस, अखंड नांदो.