आईच्या ओरडण्याचे अर्धे पैसे

ल्यों, रविवार

प्रिय बाबा,

माझं छान चाललंय, वेळेवर जेवते. तुमचा गुडघा कसा आहे?

सरकारने आम्हा तरुणांसाठी कार्ड काढलंय. इंटरनेटवरून गाणी चोरू नका, विकत घ्या, अर्धे पैसे आम्ही भरतो म्हणतात. मी पहिली घेतली ती तुम्ही तिथे विकायला ठेवलेली तुमची अकॉर्डियनची धून. मैत्रीण क्लेमांस म्हणाली, "अगं, बापाकडे फुकट मागायची की." म्हटलं, "कोणीतरी विकत घ्यायला नको?"

आपल्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलेली ती. शेवटी आई ओरडते, "पुरे आता, सूप गार होतंय." तिला सांगा, त्या ओरडण्याचेही अर्धे पैसे सरकारने भरलेत.

ते ऐकल्याशिवाय इथे एकटीला जेवायचं सुचतच नाही.

तुमचं पहिलं गिऱ्हाईक,
सोलेन