माझे पांढरेशुभ्र दात

१२ जून, सरोवराकाठचं बालिगे गाव

आज साठ पूर्ण. एकही दात पडलेला नाही! सुपारीची साल, कोळशाची पूड आणि मनगटात जोर — वडिलांनी शिकवलं तसं रोज घासतो. लग्नाच्या मांडवात बोलायला उभा राहिलो की पहिल्या वाक्याआधी दात चमकतात. निम्मी सभा तिथेच जिंकतो.

बायको म्हणते, "दात घासताय की पातेलं?"

जळते मेली!

१५ जून

शनिवारी पुतणीचं, रुगुनचं लग्न. आमच्या रीतीनं दोन्हीकडून एकेक बोलणारा उभा राहतो; मुलीकडून बोलणार मी. मुलाकडून लागुबोती गावचा साहला — त्याला आजवर तीन लग्नांत गप्प केलंय.

ओसरीत सराव केला. सरोवराकडून वारा आला, मी दम भरला — आणि वरच्या दातात सुई! वाक्य अर्धंच राहिलं. माझं वाक्य!

१७ जून

दातांची डॉक्टर माझ्या बहिणीचीच मुलगी. आरसा धरून दाखवलं. हिरडी वर सरकलीय, मूळ उघडं पडलंय, आणि त्यावर कुऱ्हाडीनं घाव घातल्यासारख्या खाचा.

"कीड लागली?"

"कीड कसली, मामा! हे तुम्हीच कोरलंय. मुळावर वरच्यासारखं कठीण कवच नसतं. आज भरून देते. आणि उद्यापासून नरम ब्रश, हलका हात."

खडे तोंडात धरून बोलायला शिकलेल्या ग्रीक वक्त्याबद्दल मी वाचलंय. मी दाताला भिऊ? सभेआधी माझ्या तोंडात कुणी हात घालायचा नाही! लग्नानंतर बघू म्हटलं.

२१ जून

लिहू की नको?

मांडव चारी बाजूंनी उघडा. साहलानं मुलीकडच्यांचा मान म्हणून डुकराचं मांस डोक्यासकट मांडलं, वाकून विचारलं, "मान्य आहे ना?" मी उठलो, छाती भरून श्वास घेतला — आणि मेलोच! हात तोंडावर, जबडा बंद.

आमच्यात मुलीकडचा बोलणारा तोंड झाकून गप्प राहिला, की त्याचा अर्थ एकच. मान राखला नाही, लग्न मोडलं.

मांडव गार पडला. साहला घाबरला, "डोकं लहान वाटलं का? दुसरं आणतो, दादा!" नवऱ्याची आई रडायला लागली. आमची माणसं उठू लागली.

तेव्हा नवरी उभी राहिली. नवरी! बाईमाणूस मांडवात बोलत नाही, हे मीच चाळीस वर्षं गर्जून सांगत आलो.

"काका रागावले नाहीत. दात दुखतोय त्यांचा — घासून घासून. मांस छान आहे, मान पोचला, बसा सगळे. आणि सासूबाई, रडू नका. रडायचंय ते मला."

मांडव हशानं दणाणला. सगळे खाली बसले.

२३ जून

साहला आला. ऑगस्टमध्ये त्याच्या नातीचं लग्न; मुलीकडून बोलायला माणूस हवा. मी दात भरून घेतलेत, वारा लागत नाही. लगेच हो म्हटलं.

"तुम्ही नाही, दादा. रुगुन. तुमची परवानगी मागायला आलोय."

दिली. मांडवभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात दिली! माझ्या भावाची मुलगी आहे ती.