कालमिरचं विरजण

७ मे
आले एकदाची कालमिरला. माझ्या लेकाला, एव्हर्टला, इथं पट्ट्यानं जमीन मिळालीय. बार्लीचं शेत, सहा गाई, तळ्याकाठचं लाल घर. पट्टा कायम होणार तो गावातल्या सतराही घरांनी हो म्हटलं तरच, पण हो न म्हणायला काय झालं? सून तोरा म्हणाली, आई, रोज चार ओळी लिहा, वेळ जाईल. मला अक्षराला अक्षर जोडता येतं एवढंच. माणसं बाकी लाख मोलाची हो! सामान उतरवायला नव्वदीची हुल्डाबाईसुद्धा आली. चारदा कॉफी झाली. दात दुखतोय, तरी साखरेचा खडा तोंडात धरून चारही वेळा प्याले. पाच वर्षांची नात, एबा, तेवढ्यात शेजारच्या वासरांची बारशीही करून आली.

११ मे
गावाचं विरजण आज आमच्याकडे आलं. एकच लाकडी वाडगा, आठवडाभर एकेका घरी. सकाळी सगळे येतात, वाटीभर नेतात, संपवतात. दही कसलं, शेंबूडच तो! चमचा उचलला की हातभर तार लोंबते. मी वाटी बाजूला सारली, एबानं चाटूनपुसून खाल्लं. हुल्डाबाई सांगत होती, दुष्काळात गाव वसवणारी पहिली सात माणसं याच्यावरच जगली. तेव्हापासून वाडगा कुणी धुतलेला नाही. कडेला बोटभर पिवळा थर, त्यात केसही दिसला. माझ्या पातेल्यांत आजवर तोंड दिसत आलंय. हात शिवशिवतात.

१४ मे
धुतला. उकळतं पाणी, राख, काथ्या. थर खरवडला तेव्हा कुजक्या चरबीसारखा वास सुटला. पण आतून लाकडाच्या रेषा अशा निघाल्या म्हणता! खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. तोरानं पाहिलं आणि वाटी घेऊन घरोघर धावली. दुसऱ्या कुठल्याच घरात थेंबभरसुद्धा विरजण नाही म्हणे.

१६ मे
देवळातली प्रार्थना झाल्यावर सभा. कुणी आवाज चढवला नाही, तेच लागलं. एव्हर्ट मान खाली घालून उभा. पट्ट्याचं नाव कुणी काढलं नाही, पण कळायचं ते कळलं. मग हुल्डाबाई माझा हात हातात घेऊन म्हणाली, "अगं टेक्ला, घाबरतेस काय? पहिल्यांदाही ते एका म्हातारीच्याच तोंडात लागलं होतं." ऊन दूध तोंडात धरायचं, गिळायचं नाही, वाडग्यात थुंकायचं. दिवसभर. मला हसूच आलं. लेकाच्या जमिनीसाठी थुंकायला माझं काय जातंय?

१८ मे
दुखरा दात पडला. बुळबुळीत, दुधात. हुल्डाबाईनं तो उचलून परत वाडग्यात टाकला. तोंडाला आंबूस घाण येते. जीभ जड. काही खाल्लं तरी साय चघळल्यासारखं.

२० मे
लागलं. पण वाडग्यात नाही — घशात. तार बोटानं ओढली, हातभर आली, तुटेना. ओढली की पोटात खोल काहीतरी हलतं. कात्रीनं कापली, तर पुन्हा — मीठ, राख, तोंड धुवायला घेतलं. हुल्डाबाईनं हातातून राख काढून घेतली. हळूच म्हणाली, "वाडगा धुवायचा नसतो गं."

२१ मे
बोलता येत नाही. ओठ मिटत नाहीत. हनुवटीवरून सारखं — पुसू देत नाहीत. एव्हर्टला लिहून दाखवलं, मला घेऊन चल. तो रडला. म्हणाला, पट्टा आज कायम झाला आई. पुढच्या आठवड्यात शेजारच्यांकडे, मग त्याच्या पलीकडे — मला —

२२ मे
सकाळ. अंगणात सतराही घरांतली माणसं. वाट्या घेऊन. किती प्रेमानं बघतात. मी मान हलवते, नको — तोरा एबाला पुढे करते. ती नको, ती तरी — माझ्या मांडीवर चढली. हातात तिचा छोटा चमचा. म्हणते, आजी, आ कर —