वहीतला प्रोग्राम

गांधीधाम, १२ ऑगस्ट २००३

प्रिय समी,

परत तेच! 'दादा, तू आठवी नापास, तुला प्रोजेक्टमधलं काय कळतंय?' कळत नाय, कबूल. पण यंदा शेवटच्या वर्षाला तू आपणहून गटातल्या पोरांना सांगून आलीस की, प्रोग्राम तुमी करा, मी आणि हर्षा रिपोर्ट टाइप करतो. हे वाचून माझं डोकंच सणकलं.

मी तीन वर्षं ट्रकवर क्लीनर होतो. काच पुसली, टायर ठोकून बघितले, उस्ताद ड्रायव्हरचा चहा आणला. आपली वारूळवाडी ते इथलं कच्छ, सगळा रस्ता तोंडपाठ झाला, पण स्टेअरिंगला कुणी हात लावू दिला नाही. मग एक दिवस मालकानं चावी दिली आणि मी गाडी सरळ फाटकाच्या खांबाला घातली. आख्खा अड्डा हसला. रस्ता नुसता डोक्यात असून भागत नाय समे, हातात यावा लागतो.

गेल्या वर्षी तुझं तेच झालं. कॉलेजात एका मशीनवर सहाजण, म्हणून दुकानाच्या बिलाचा तो प्रोग्राम तू ओट्यावर बसून दोनशेपानी वहीत लिहिलास. वही नारायणगावात तुमच्या गटातल्या कल्पेशच्या घरी जायची, तिथं तो आणि गटातलाच अरिहंत कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे. म्हणजे टायपिंग खरं तर त्यांनी केलं! आणि परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी तुला मशीनवर बसवून एक बदल करायला सांगितला, तर तुझी बोटं बटणं शोधत राहिली. सर म्हणाले, मुलींनी रिपोर्ट छान सजवलाय. तू घरी येऊन वही चुलीत घातलीस.

तेव्हापासून तू कल्पेशशी कामापुरतंच बोलतेस. दिवाळीपर्यंत घरी बोलवायचा, मग पोरींना गुपचूप बाजूला केलं, म्हणतेस. मीही हो ला हो म्हणालो.

समे, त्यानं नाही केलं. दिवाळीत मी सुट्टीवर आलो होतो, तेव्हा पारावर आपल्या गावच्या त्या भगवंतानं टोमणा मारला, 'काय राव, बहीण शेटच्या माडीवर कसला अभ्यास करती?' मी तसाच माडीखालच्या दुकानात, कल्पेशच्या वडलांच्या, इंदरचंदशेठच्या दुकानात शिरलो. गिऱ्हाइकांसमोर कल्पेशला म्हणालो, माझी बहीण या जिन्यावर दिसली तर तुझं तंगडं मोडीन, आणि तिला यातलं कळलं तरी मोडीन. वरून त्याची आई जतनबाई सांगत होत्या, 'अहो भाऊ, मी समोरच बसलेली असते.' मी ऐकलं नाही. त्या पोरानं इतके महिने तुझ्या शिव्या खाल्ल्या, पण माझं नाव घेतलं नाही.

आता त्याच्याशी नीट बोल. मंचरला एक जुना कॉम्प्युटर विकायला आहे, तो आपल्या घरात येऊ दे. गटातली चौघंही तिथंच बसा, आईला चहाचं सांगितलंय. कुणी विचारलं तर म्हणावं, दादानंच बोलावलंय. फक्त बटणांवर तू बस. वर्षभर स्वतःची गाडी घ्यायची म्हणून साठवत होतो, ते पैसे गावाकडं निघालेल्या सावळेरामच्या हाती पाठवतोय. मोजून घे : अकरा हजार सातशे रुपये.

तुझाच चुकलेला दादा,
सुदर्शन