डंकनसाहेबाचं वारीस रेकॉर्ड

अबकैक,
९ फेब्रुवारी १९९१

भाई कादिर यास थोरल्या बहिणीचा सलाम. मी जिवंत आहे, हे अक्षरावरून कळेलच. तुझी साखर, भावजयीचे, शरफुन्निसाचे, गुडघे आणि काळी म्हैस, तिघांची खबर कळव. (म्हशीची आधी कळव, ती कण्हायचं सोंग करत नाही. हे शरफुन्निसाला वाचून दाखवू नको.) तुझं पाकीट मिळालं, आतला हक्कसोडीचा कागदही मिळाला. अब्बांना जाऊन अजून साल झालं नाही आणि वाडीवरचा माझा हिस्सा मी राजीखुशीने सोडते असं त्यावर तूच लिहून मोकळा झालास. राजी कोण, खुशी कोण, ते बघू. सहीचं शेवटी लिहिते, आधी इथली हकीकत.

इथे आखातात लढाई आहे, हे तू रेडिओवर ऐकलंच असशील. आम्ही भोंग्यावर ऐकतो. भोंगा झाला की माझ्या खोलीत सगळ्यांनी शिरायचं, दाराखाली ओला टॉवेल कोंबायचा आणि तोंडावर मास्क चढवायचा. मास्क म्हणजे बैलाचं मुसकं, त्याला पुढे डबा लावलेला. गॅस आला तर म्हणे वाचवतो. गॅस अजून आला नाही, पण त्यातून बोललेलं बाहेर कोणाला कळत नाही आणि लढाईतली तेवढीच गोष्ट नौशादला आवडलेली आहे. (माझाच मुलगा, पण खरं ते लिहावं.) खिडक्यांच्या फटी बुजवायला घरटी चिकटपट्टी वाटली होती. ती आम्ही फटींना लावली. शेजारच्या डंकनसाहेबाने ती आपल्या खानदानाला लावली.

हा डंकनसाहेब नौशादचा वरचा इंजिनियर. साठीला टेकलेला, रंग उकडलेल्या कुर्लीसारखा. त्याला मी एकदा इंग्लिश म्हटलं तर जेवता जेवता चमचा खाली ठेवला. स्कॉटलंड वेगळं, म्हणे. (आपल्याला कोणी घाटावरचं म्हटलं तर आपण काय करतो, तसंच.) बायको डिसेंबरातच माहेरी निघून गेली, हा राहिला. मेलेल्या पूर्वजांची नावं लिहून कागदाला कागद जोडत त्याने एवढा मोठा नकाशा केला की पट्टी संपली आणि खिडक्या उघड्या राहिल्या. म्हणून भोंगा झाला की साहेब आमच्याकडे. लोक पासपोर्ट घेऊन धावतात, इथे राहायच्या परवान्याचा इकामा घेऊन धावतात, हा कागदांचा खोका घेऊन धावतो.

पहिल्या दिवशी मी विचारलं, खोक्यात काय आहे? साहेब मास्कमधून म्हणाला, पॅरिश रेकॉर्ड. मला ऐकू आलं वारीस रेकॉर्ड. मला वाटलं, बिचाऱ्याच्या वारसाच्या नोंदीचं भांडण आहे. मी म्हटलं, साहेब, तलाठ्याला धरून राहा, भावाच्या गोड बोलण्यावर जाऊ नको आणि दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर सही करू नको. (हे सगळं मी सहज बोलले, तुझं पाकीट तेव्हा यायचं होतं.) इफराने, म्हणजे नातीने, सगळं इंग्रजीत करून सांगितलं. साहेबाने वहीत उतरून घेतलं आणि मग हळूच विचारलं, ‘तलाठी कोण?’ तेव्हा इफरा कपाळाला हात लावून ओरडली, ‘दादी, इट्स चर्च, नॉट कोर्ट!’ तर त्यांच्याकडे गावचा पाद्रीच तलाठी. जन्म, लग्न, मयत सगळं तोच वहीत लिहायचा. त्या दोनशे वर्षांपूर्वीच्या वह्यांची झेरॉक्स साहेबाने टपालाने मागवलेली. त्यात तो एक बाई शोधत होता. नाव ग्रिझेल, त्याच्या पणजोबाची आजी. ती मोठ्या कप्तानाची मुलगी, असं साहेबाच्या आईने मरेपर्यंत सांगितलं. सापडली की नकाशा पुरा झाला.

पाद्र्याचं अक्षर साहेबालाही लागेना. मला इंग्रजी येतच नाही, म्हणून मला अडचण नव्हती. साहेबाकडून पाद्र्याच्या वळणात ते नाव लिहून घेतलं. पहिलं अक्षर सुकलेल्या कोलंबीसारखं वळलेलं, शेवटचं काठीसारखं उभं. तांदूळ निवडावेत तशी मी पानं निवडत बसले. तीन भोंगे झाले, बाई नाही. खोक्याच्या तळाला एक गठ्ठा होता, त्याला साहेब हात लावीना. त्यात चर्चने गावात कोणाकोणाला शिक्षा केली ते लिहिलेलं. आमच्या घरातलं त्यात कोण असणार, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, बाई हरवली असेल तर आधी तिथेच बघावी.

मंगळवारी संध्याकाळी मगरीबच्या सुमाराला भोंगा झाला आणि त्याच गठ्ठ्यात सातव्या पानावर मला ती कोलंबी दिसली. साहेबाने भिंग लावलं. कप्तान खरा होता. ही त्याच्या घरी भांडी घासायची. लग्नाआधी मूल झालं म्हणून तीन रविवार भर चर्चमध्ये स्टुलावर बसवली होती. (पोराच्या बापाचं काय, ते मी विचारलं. एक रविवार.) साहेबाच्या मास्कची काच आतून धुरकट झाली, घाम असेल. मी विचारलं, नाव कसं लिहिलंय? तो म्हणाला, ‘ग्रिझेल, डॉटर ऑफ जेम्स.’ जेम्स हा तिचा बाप, कप्तान नव्हे. तिकडे बाईचं लग्न झालं, ती मेली, तरी वहीत बापाचं नाव तिच्यापासून सुटत नाही. मी म्हटलं, मग पेन काढ की! साहेबाने नकाशावर कप्तानाची मुलगी खोडलं, मोलकरीण लिहिलं, आणि त्यानंतर आमच्याकडचा मासेभात दोनदा मागून घेतला.

जेद्द्याच्या बलद बाजारातलं दुकान बंद ठेवून आपल्या गावचा रफीक घरी निघालाय, त्याच्याबरोबर हे पत्र देते. सर्वांना सलाम.

तुझी बहीण,
हलिमा

ता.क. रफीक परत येईल तेव्हा साहेबासाठी सोडे पाठव. मागच्या खेपेसारखे रेती लागलेले नकोत.

ता.क. दुसरा. तुझा कागद. माझ्या एसीच्या बाजूला हातभर फट राहिली होती आणि उरलीसुरली पट्टी मी साहेबाच्या नकाशाला दिली. तुझा कागद चांगला जाड, स्टँपाचा. मैद्याची खळ करून बसवलाय, वारा अजिबात येत नाही. लढाई संपली की निघेल, असं नौशाद म्हणतो. मी दोन हात खळ लावलीय.

ता.क. तिसरा. सोबत वारसनोंदीचा अर्ज आहे, सही केलेला. तलाठ्याकडे तू स्वतः नेऊन दे, रफीक पोच घेऊनच परत येणार आहे. भावाच्या निम्मं बहिणीला, शरियतीत आहे तेवढंच, वर एक नारळ नको. नाव ‘हलिमा, वडील इसहाक’ असं लिहायला सांग. दोनशे वर्षांनी कोणी शोधत आलं तर मी वहीत सापडले पाहिजे. स्टुलावर बसलेली सापडले तरी चालेल.